तिसरं रूप

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.लाही माझे हेच दोन विषय होते. इंग्रजी माझ्याकडे आली ती अपघाताने. इंग्रजीचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही आणि मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात दहावीच्या इंग्रजीसमोर पेन्सिलने माझं नाव लिहिलं. “तात्पुरतं आहे मॅडम,” ते म्हणाले. अनुदानित शाळेत ‘तात्पुरतं’ किती दिवस चालतं हे शिक्षक वाचकांना सांगायला नको. पुढच्या वर्षी तेच नाव पेनने लिहिलं गेलं.

इंग्रजीतल्या बाकी कशाची मला फार भीती नव्हती. धडे, कविता, पत्रलेखन, सगळं निभावता येतं. भीती होती ती एका छोट्या जागेची. ‘वुड हॅव’ या दोन शब्दांनंतर जी जागा येते तिची. तिथे क्रियापदाचं तिसरं रूप लागतं, दुसरं चालत नाही. ‘आय वुड हॅव गॉन’ बरोबर, ‘आय वुड हॅव वेंट’ चूक. ‘शी शुड हॅव टेकन’ बरोबर, ‘शुड हॅव टुक’ चूक. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात अर्ध्या पानात आटोपणारी गोष्ट आहे ही. पण याच जागेवर मी एकदा तोंडावर आपटले होते, आणि त्याचा हिशेब पुढे वीस वर्षं मुलांच्या वह्यांमध्ये चुकता करत होते.

२००३ साल. बी.एड.चा निकाल नुकताच लागला होता. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत मराठीच्या जागेसाठी मुलाखत होती. अकराला बोलावलं होतं. वाटेत एस.टी. पंक्चर झाली आणि मी पोचले पावणेबाराला. समोर तिघे बसले होते. मराठीच्या जागेसाठी इंग्रजी बोलायची काही गरज नव्हती. पण मी बुरख्यात होते, उर्दू माध्यमातून शिकलेली होते, आणि आपण कुणापेक्षा कमी नाही हे पहिल्याच वाक्यात दाखवून द्यावं असं मला वाटलं. मी म्हणाले, “आय वुड हॅव केम अर्लियर सर, बट द बस...”

मधल्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. “वुड हॅव केम?” त्यांनी हळूच विचारलं. बाकीचे दोघे हसले. दुष्टपणाने नाही, घरातलं लहान मूल काही बोबडं बोललं की हसतात तसे. काय चुकलं ते मला कळलंच नाही. त्यांना ऐकू आलं नसेल असं समजून मी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले.

नोकरी त्या एका शब्दाने गेली असं मी म्हणत नाही. कुणाला घ्यायचं हे कदाचित आधीच ठरलेलं असेल, अशा गोष्टी आपल्याकडे होतात. पण परतीच्या प्रवासात मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि मनात तेच वाक्य उलटसुलट करून बघत होते. ‘केम’ म्हणजे आले. ‘वुड हॅव’ म्हणजे असते. आले असते. मग चुकलं कुठे?

घरी आल्यावर अब्बांना सांगितलं. अब्बा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि कारकून होऊन निवृत्त झाले. इंग्रजी ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकले. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या त्या पुस्तकांवर इंग्रजी शिकल्या, त्यात आमच्यासारखी मुसलमान घरंही होती. अब्बांच्या प्रतीला खाकी कागदाचं कव्हर होतं आणि समासात त्यांनी उर्दूत टिपा लिहिल्या होत्या. माझं वाक्य त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू मराठीच बोली बेटा. लफ्ज खाली अंग्रेजी के थे.”

त्या वेळी मला वाटलं, हे माझं मन राखायला बोलताहेत. पण ते अगदी नेमकं बोलले होते, हे मला फार पुढे, स्वतः इंग्रजी शिकवायला लागल्यावर समजलं.

मराठीत बघा. ‘मी गेले.’ ‘मी गेले असते.’ दोन्हीकडे ‘गेले’ तेच. उर्दूत ‘मैं गई’ आणि ‘मैं गई होती’. आमच्या घरच्या दखनीत ‘मैं गई’ आणि ‘मैं गई रहती’. तिन्ही भाषांत घडून गेलेली क्रिया सांगायला जे रूप वापरतात, तेच ‘असते’, ‘होती’, ‘रहती’च्या आधी ठेवतात. आपल्याकडे या दोन कामांना एकच भांडं पुरतं. आता एखादी मुलगी ‘गेले’साठी ‘वेंट’ शिकली आहे आणि ‘असते’साठी ‘वुड हॅव’ शिकली आहे. तिने दोन्ही जोडून ‘वुड हॅव वेंट’ लिहिलं तर तिचा तर्क कुठे चुकला? कुठेच नाही. चुकली ती फक्त इंग्रजी, कारण इंग्रजीने त्या दुसऱ्या कामासाठी वेगळं भांडं ठेवलं आहे.

आणि गंमत अशी की सगळ्या क्रियापदांसाठी ठेवलेलंही नाही. ‘प्ले’चं ‘प्लेड’, पुन्हा ‘प्लेड’. ‘टेल’चं ‘टोल्ड’, पुन्हा ‘टोल्ड’. ‘बाय’चं ‘बॉट’, पुन्हा ‘बॉट’. या क्रियापदांत दुसरं आणि तिसरं रूप सारखंच असल्यामुळे मूल चुकलं तरी चूक दिसत नाही. मूल महिनोन्महिने ‘वुड हॅव प्लेड’ बरोबर लिहितं, शिक्षक टिक करतो आणि दोघांनाही वाटतं की हे आता येतंय. मग एक दिवस ‘गो’ येतं, ‘सी’ येतं, ‘टेक’, ‘ईट’, ‘राइट’, ‘ब्रेक’, ‘स्पीक’ येतं, आणि बिंग फुटतं. रोजच्या वापरातली क्रियापदंच नेमकी वाकडी आहेत.

सर्वांत वाकडं म्हणजे ‘कम’. कम, केम, कम. तिसरं रूप फिरून पहिल्यावर येतं. ‘रन’चंही तसंच. मुलांना एकदा ‘वुड हॅव’नंतर मूळ रूप लिहू नका असं बजावलं की ती ‘वुड हॅव कम’ बघून घाबरतात. त्यांना वाटतं हे तर साधं ‘कम’, इथे काहीतरी करायचं राहिलं. मग ती स्वतःहून ‘केम’ करतात. म्हणजे चूक निष्काळजीपणाने होत नाही, जास्तीच्या काळजीने होते. माझीही तशीच झाली होती.

दुसरी भानगड वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात आहे. ‘मला कळलं असतं तर मी आले असते.’ मराठीत तराजूची दोन्ही पारडी सारखी: इकडे असतं, तिकडे असते. उर्दूतही इकडे होता, तिकडे होता. साहजिकच आमची मुलं इंग्रजीतही दोन्ही पारड्यांत ‘वुड हॅव’ टाकतात, ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ इंग्रजीच्या नियमाने ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ हवं: ‘इफ आय हॅड नोन.’ पण तिसरं रूप मात्र दोन्ही बाजूंना लागतं. त्यातून सुटका नाही. तिसरी एक चूक मी केवळ शिक्षकांसाठी नोंदवते, कारण ती आपणच शिकवलेली असते. ‘शी’ आली की ‘हॅज’, असं आपण पाचवीपासून घोकून घेतो, मग मुलगी ‘शी वुड हॅज गॉन’ लिहिते. ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ यांच्यानंतर शी असो की ही, ‘हॅव’च.

एक चूक मात्र आमची मुलं जवळपास कधीच करत नाहीत, ती म्हणजे ‘हॅव’च्या जागी ‘ऑफ’ लिहिणं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ती मुलं ही चूक सर्रास करतात, कारण बोलताना ‘वुड हॅव’चं ‘वुडव्ह’ होतं आणि त्यांच्या कानाला ते ‘वुड ऑफ’ ऐकू येतं. ती भाषा कानाने शिकतात, आपण फळ्यावरून शिकतो. त्यामुळे त्यांच्या चुका कानाच्या आणि आपल्या चुका भाषांतराच्या. ‘वुड हॅव वेंट’ही तिकडे नवीन नाही, ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेतल्या बोलींमध्ये ते ऐकू येतं. रॉबर्ट लोथ नावाच्या, पुढे लंडनचा बिशप झालेल्या गृहस्थाने १७६२ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपाच्या या गोंधळावर त्याने कडक टीका केली आहे. आणि चुकीची उदाहरणं कुणाची दिली आहेत? मिल्टन आणि ड्रायडनसारख्यांची. हे मी वाचलं तेव्हा मला ती मुलाखत आठवली आणि मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले.

‘वेंट’ तर मुळात ‘गो’चं रूपच नाही. ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं ते भूतकाळी रूप होतं. काही शतकांपूर्वी ‘गो’ने ते उचलून आपलं केलं. हे ऐकून वर्गातला एक मुलगा म्हणाला, “टीचर, ये तो चोरी हुई.” मी त्याला विचारलं, मराठीत ‘जा’चं ‘गेला’ होतं, त्यात ‘ज’ कुठे आहे? सगळा वर्ग थोडा वेळ ‘ज’ शोधत होता.

ही तिन्ही रूपं मी पाठ करून घेते, दुसरा मार्ग मला माहीत नाही. आमच्या वर्गातली काही मुलं पहाटे मकतबमध्ये जातात, काहींचे भाऊ मदरशात आहेत. अरबी क्रियापदांची गर्दान त्यांच्या कानावर असते. ‘गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन’ ती त्याच लयीत, तसंच किंचित डोलत म्हणतात. शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून गेले की आज कुणाचा तास आहे. उर्दू माध्यमाची मुलं इंग्रजीत कच्ची, असं सहज बोललं जातं, आपल्यातलेही बोलतात. आमची पिढी पाचवीत एबीसीडी शिकली. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, तरी या मुलांच्या घरात इंग्रजीचा वारा नाही. पण घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, टीव्हीवर हिंदी आणि पहाटे अरबी अक्षरं, असं ज्या मुलाचं चालतं त्याला भाषेत कच्चं म्हणताना माझी जीभ अडखळते. त्याच्या डोक्यात व्याकरणं इतकी आहेत की ती एकमेकांच्या अंगावर पडतात.

हे सगळं मी आज शांतपणे लिहिते आहे. त्या वर्षी माझ्यात ही शांती नव्हती. ‘वुड हॅव’नंतरची जागा दिसली की माझं लाल पेन आपोआप तिथे जायचं. उरलेलं वाक्य मी वाचतही नसे. माझा नियम होता: एक रूप चुकलं तर अर्धा गुण कापायचा, दोन्ही चुकली तर शून्य.

चाचणीत प्रश्न दिला होता, ‘इफ’ने सुरू होणारी पाच वाक्यं मनाने लिहा. पस्तीस वह्या घरी आणल्या होत्या. एका मुलीच्या पाच वाक्यांतली तीन बरोबर होती. एक सामन्याबद्दल, एक पावसाबद्दल, एक सायकलबद्दल. चौथं असं होतं:

‘इफ रिक्षा हॅड केम, अब्बा वुड हॅव लिव्ह.’

मी ‘केम’ला गोल केला आणि वर ‘कम’ लिहिलं. ‘लिव्ह’ला गोल केला आणि वर ‘लिव्हड’ लिहिलं. समासात शून्य घातलं. पाचवं वाक्य तपासलं. वही बंद करून खालच्या वहीखाली सरकवली.

तिच्या परवानगीने लिहिते आहे, नाव लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी वह्या वाटायच्या आधी वर्गशिक्षिका त्या गठ्ठ्यातून काहीतरी शोधत होत्या. ती वही उघडली गेली आणि त्या थांबल्या. “तुम्ही हे वाचलंत का?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, हो, तपासलं ना. त्यांनी वही माझ्यासमोर धरली. एप्रिल २०२१मध्ये, रात्री दीड वाजता, तिच्या अब्बांच्या छातीत दुखायला लागलं होतं. संचारबंदी होती. मोठा भाऊ रिक्षा स्टँडवर धावत गेला, तिथे एकही रिक्षा नव्हती. ओळखीच्या एका रिक्षावाल्याने फोनवर येतो म्हणून सांगितलं. तो निघालाही असेल. ते दार उघडं ठेवून बसले होते.

मी ते वाक्य वाचलं नव्हतं. मी फक्त क्रियापदं वाचली होती. आणि ज्या ‘केम’वरून मला तिघे हसले होते, त्याच ‘केम’वर मी लाल गोल काढून बसले होते.

वही परत कशी द्यायची ते मला सुचेना. पहिला विचार आला तो शून्याचा एक करायचा. तो मी केला नाही. गुण वाढवले असते तर ते कशाचे झाले असते? वही तशीच दिली. तिने उघडली, पाहिली, आणि हात वर केला.

“टीचर, ‘केम’ गलत क्यूँ?”

मी नेहमीचं सांगितलं: ‘हॅड’ आहे, ‘हॅड’नंतर तिसरं रूप, कम-केम-कम. ती वहीकडे बघत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हाँ. ‘केम’ बोले तो आई. रिक्षा तो आईच नै.”

वर्ग गप्प झाला. काही मुलींना माहीत होतं.

मी खडू हातात घेऊन उभी राहिले, कारण तिने जे सांगितलं होतं ते कुठल्याही पुस्तकाने मला इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं. दुसऱ्या रूपात काळ असतो. ‘केम’ म्हटलं की कुणीतरी, कधीतरी, खरोखर आलं. तिसऱ्या रूपात काळ नसतोच. त्यातून घड्याळ काढून घेतलेलं असतं. ‘गॉन’, ‘सीन’, ‘टेकन’, हे एकेकटे उभे केले तर ते कधीचे आहेत ते सांगता येत नाही, घडले की नाही तेही सांगता येत नाही. काळ सांभाळायचं काम शेजारच्या ‘हॅव’-‘हॅड’चं, आणि घडलं नाही हे सांगायचं काम ‘इफ’चं आणि ‘वुड’चं. म्हणून न आलेल्या रिक्षेसाठी ‘केम’ वापरता येत नाही. मी त्या दिवशी फळ्यावर हेच लिहिलं, तिचं वाक्य न घेता. बसचं उदाहरण घेतलं. माझ्याच बसचं. २००३ची मुलाखत मी वर्गाला पहिल्यांदा सांगितली, ‘वुड हॅव केम’ मोठ्याने पुन्हा म्हणाले तेही सांगितलं. मुलं पोट धरून हसली. तीही हसली.

मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली. तिला गुणांचं काही विचारायचं नव्हतं. म्हणाली, घरी असं बोलू देत नाहीत. दादी म्हणते, ‘अगर’ बोलू नये, ‘अगर’ सैतानाला दार उघडून देतो. वहीत चालतं ना टीचर, विचारलं.

दादी काही चुकीचं सांगत नव्हती. सहीह मुस्लिममधली हदीस आहे, आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली. संकट आलं तर मी असं केलं असतं तर तसं झालं असतं म्हणू नका, अल्लाहने ठरवलं आणि त्याने जे चाहलं ते केलं असं म्हणा, कारण ‘लौ’ सैतानाच्या कामाला वाट करून देतो, असा तिचा आशय. ‘लौ’ म्हणजे अरबीतला ‘जर’, आणि तोही नेमका असा, न घडलेल्या गोष्टीसाठी वापरायचा. आमच्या घरातही कुणी गेलं की हीच आठवण करून दिली जाते. त्यात मोठा आधार आहे. नाहीतर माणूस त्या रिक्षा स्टँडवरून कधी परत येणारच नाही.

तिला मी तेव्हा एवढंच म्हणाले की वहीत चालतं. पण मनात राहिलं, म्हणून मोहल्ल्यातल्या आलिम साहेबांना जाऊन विचारलं. त्यांनी सहीह बुखारी काढून दाखवली. तिच्यात एक स्वतंत्र भाग आहे, ‘किताबुत्तमन्नी’, इच्छा करण्याबद्दलचा. आणि त्यात एक प्रकरणच आहे: ‘लौ’ म्हणणं कुठे चालतं. हज्जतुल विदाच्या वेळी खुद्द पैगंबर साहेब (स.) म्हणाले होते की जे मला आता कळलं ते आधी कळलं असतं तर मी कुर्बानीची जनावरं बरोबर आणली नसती. ती हदीस तिथे आहे. आलिम साहेबांनी समजावलं, नशिबाशी भांडायला ‘लौ’ वापरायची मनाई आहे, मनातली चांगली इच्छा सांगायला नाही. माझा आवाका तेवढा नाही, त्यामुळे यापुढे मी काही बोलणार नाही. पण ‘तमन्नी’ या शब्दापाशी मी अडले.

कारण उर्दू व्याकरणात या रूपाला काय म्हणतात ते मी वीस वर्षं मुलांना शिकवत आले आहे, ‘माजी शर्तिया’. ‘माजी’ म्हणजे भूतकाळ, आपल्या ‘माजी आमदार’मधला तोच. ‘शर्त’ म्हणजे अट, ‘असं असतं तर’. पण त्याच रूपाचं दुसरं नाव आहे ‘माजी तमन्नाई’. तमन्नेचा भूतकाळ. ‘काश वो आता’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. मराठी व्याकरणात आपण याला संकेतार्थ म्हणतो, इंग्रजीत कंडिशनल म्हणतात, दोघांचीही नजर अटीवर. उर्दूच्या जुन्या व्याकरणकारांनी एकाच रूपात अट आणि इच्छा दोन्ही ओळखल्या आणि दोन्ही नावं ठेवली. मी मात्र परीक्षेच्या दृष्टीने ‘दोन्हीपैकी कुठलंही नाव लिहिलं तरी गुण मिळतात’ एवढंच मुलांना सांगत होते. अब्बा आज असते तर त्यांना हे सांगितलं असतं. त्यांनी ते तर्खडकरांच्या समासात लिहून ठेवलं असतं.

त्या चाचणीनंतर मी वह्या दोनदा वाचायला लागले. एकदा वाक्य, एकदा क्रियापद. वेळ जास्त लागतो, घरी बोलणी खावी लागतात. लाल पेन सोडलेलं नाही. ‘वुड हॅव केम’ला मी आजही गोल करते, कारण ही मुलं उद्या कुठेतरी तीन माणसांसमोर बसणार आहेत आणि ती माणसं मिल्टनला माफ करतील, यांना करणार नाहीत. रुपं आजही डोलत पाठ होतात.

ती मुलगी दहावी झाली, आता कॉलेजात आहे. अधूनमधून मेसेज करते, उर्दू, मराठी, इंग्रजी जे सुचेल त्यात. मागच्या आठवड्यात माझ्याकडे येणार होती, आली नाही. संध्याकाळी फोनवर मेसेज दिसला: ‘आय वुड हॅव कम ऑन संडे टीचर, बट अम्मी इज नॉट वेल.’

मला आधी ‘कम’ दिसलं. मग अम्मी. मी तिला फोन लावला.